अंगणातील सफरचंद

उंब्रज हे गाव कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. साताऱ्याहून कराडकडे जाणारा हमरस्ता गावाला लागूनच जातो. नदीकाठची जमीन काळी, खोल आणि कसदार असल्यामुळे तिच्यात ऊस, भुईमूग, सोयाबीन ही पिके जोमाने येतात. घरोघरच्या परसांत आंबा, पेरू, सीताफळ, शेवगा आणि कढीपत्ता ही झाडे हटकून आढळतात. अशा या गावात कोणी येऊन सफरचंदाचे झाड कोठे आहे असे विचारले, तर लोक त्याला फळांच्या दुकानाचा रस्ता दाखवतील. परंतु माझ्या घराच्या पूर्वेकडील अंगणात आज सफरचंदाची दोन झाडे उभी आहेत. ती तेथे कशी आली, हे सांगायचे तर माझ्या एका चुकीपासूनच आरंभ केला पाहिजे.

माझी नात तेव्हा इयत्ता चौथीत होती. एके दिवशी सफरचंद खाताना त्यातील पाच बिया तिने काढून ठेवल्या आणि एका कुंडीत पेरल्या. महिन्याभराने त्यांपैकी एक बी उगवले. दोन कोवळी पाने वर आलेली पाहून तिला झालेला आनंद काय वर्णावा! ती धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, याला सफरचंदे कधी लागतील?"

मी वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर न करताच मी उत्तर दिले, "लागतील की, चारपाच वर्षांनी!"

छत्तीस वर्षे मी मुलांना शिकवले. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तेथे 'पाहून सांगतो' असे म्हणावे, हे मी शाळेत आलेल्या प्रत्येक नव्या शिक्षकाला बजावत असे. आणि घरात मात्र मी ठाऊक नसलेले उत्तर ठोकून दिले. तिने ते वहीत लिहून ठेवले. कोणत्या वर्षी फळ येणार, त्याचा हिशेबही तिने त्याखाली मांडला.

रोप हातभर झाल्यावर मी ते न्हाणीघराच्या मागे जमिनीत लावले. तेथे ओलावा नेहमीच असतो, तेव्हा पाणी घालण्याची खटपट वाचेल, असा माझा विचार. पहिला पावसाळा रोपाने कसाबसा काढला. दुसऱ्या वर्षी आषाढात पाने पिवळी पडली. मुळालगतची साल बोटाने दाबून पाहिली, तो ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. बुंधा कुजला होता. नातीने वही आणून माझ्यासमोर ठेवली. ती काही बोलली नाही. तो हिशेब पाहिल्यावर या विषयाचा नीट अभ्यास करणे मला भागच पडले.

अभ्यासातून पहिली गोष्ट समजली ती बीबद्दल. दुकानातील सफरचंद बहुधा शीतगृहातून आलेले असते. तेथील थंडीत त्यातील बीची सुप्तावस्था संपत आलेली असते, म्हणून ते आपल्याकडेही कधी कधी सहज उगवते. परंतु त्या बीपासून आईसारखे फळ मिळेल, असा भरवसा धरता येत नाही. सफरचंदाच्या बहुतेक जातींचे फूल स्वतःच्या जातीच्या परागाने फळत नाही. त्याला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. साहजिकच प्रत्येक बीमध्ये दोन निराळ्या घराण्यांचे गुण मिसळलेले असतात. एकाच फळातील पाच बियांपासून पाच वेगळ्या प्रकारची झाडे होतात आणि त्यांतील बहुतेकांची फळे आंबट, बारीक किंवा बेचव निघतात. फळही चारपाच वर्षांत येते असे नाही. आठदहा वर्षेही लागतात. म्हणूनच आपल्याकडील हापूस आंब्याप्रमाणे सफरचंदही कलम करूनच वाढवतात.

तथापि बी पेरणे हा शुद्ध वेडेपणा आहे, असेही कोणी समजू नये. ज्या 'रेड डेलिशस' जातीने हिमाचलच्या बागा उभ्या राहिल्या, ती अमेरिकेतील आयोवा प्रांतात एका शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपापासून निघाली. नको असलेले रोप म्हणून त्याने ते छाटले, तरी ते पुन्हा फुटले आणि शेवटी त्याने त्याला जगू दिले. हीच जात १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी सिमल्याजवळच्या कोटगड भागात आणून लावली. हे स्टोक्स पुढे असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेले आणि सत्यानंद या नावाने भारतीयच होऊन राहिले.

दुसरे उदाहरण अगदी आपल्या काळातील आहे. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात पनियाला नावाचे गाव आहे. डोंगराळ प्रदेश असला तरी हा भाग सखल आहे आणि उन्हाळ्यात तेथे कडक ऊन पडते. सफरचंद येथे होत नाही, अशीच सर्वांची समजूत होती. तेथील हरिमन शर्मा या शेतकऱ्यांना १९९९ च्या सुमारास घरामागे टाकलेल्या बियांतून उगवलेले सफरचंदाचे एक रोप दिसले. त्यांनी ते जपले आणि त्याची कलमे बांधली. त्या उष्ण हवेतही झाडांना फळे धरली. त्यांच्या नावावरून आणि त्या वर्षावरून या जातीला 'एचआरएमएन-९९' असे म्हणतात. २०२५ मध्ये हरिमन शर्मा यांना पद्मश्री हा किताब जाहीर झाला. आज ही जात देशाच्या अनेक उष्ण भागांत लावली जात आहे. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ती लावून पाहिली आहे. नातीला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझे रोप तुम्ही न्हाणीघरामागे लावले नसते, तर..." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि या वेळी मी ते बनवलेही नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सफरचंद थंड प्रदेशातच का होते? पुष्कळांना वाटते की उन्हाने झाड करपते म्हणून. ते काही अंशी खरे असले, तरी मूळ कारण निराळे आहे. हिमालयात शरद ऋतू सरला की सफरचंदाची पाने गळून पडतात आणि झाड झोपी जाते. पुढच्या वर्षीची पालवी आणि फुले डोळ्यांत मिटून राहिलेली असतात. मधेच चार दिवस ऊबदार गेले म्हणून झाड फुलले आणि मागून हिम पडले, तर सारा बहर जळून जाईल. हे टळावे म्हणून निसर्गाने झाडाला एक विलक्षण मोजणी दिली आहे. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीचे तास झाड जणू मोजत राहते. ठरावीक तास भरले म्हणजे हिवाळा खरोखर संपत आला अशी त्याची खात्री पटते आणि मग ऊब येताच ते एकदम फुलते. रेड डेलिशससारख्या जातींना असे सुमारे एक हजार तास लागतात. अहोरात्र धरले तरी हे जवळजवळ बेचाळीस दिवस होतात!

उंब्रजला असे तास किती मिळतात? नातीने अंगणात उष्णतामापक टांगून एक संपूर्ण हिवाळा पहाटेचे आकडे लिहून काढले. सर्वांत गार पहाट होती अकरा अंशांची. आपण शेकोटीभोवती बसून हुडहुडी भरल्याचे सांगतो, तेव्हा सफरचंदाच्या हिशेबी एकही तास जमा झालेला नसतो. अशा ठिकाणी सिमल्याचे कलम लावले, तर ते मरेलच असे नाही. पण त्याला हिवाळा संपल्याचे कधी कळतच नाही. शेंड्याला चार पाने फुटतात, खालचे डोळे मिटलेलेच राहतात, एखादे फूल अवेळी येते आणि गळते.

यास्तव आपल्याकडे निवड करायची ती थोड्या थंडीवर भागणाऱ्या जातींतूनच. एचआरएमएन-९९ चा उल्लेख वर आलाच आहे. 'ॲना' ही दुसरी जात. इस्रायलसारख्या उष्ण देशात ती मुद्दाम संकर करून तयार करण्यात आली. तिसरी 'डॉर्सेट गोल्डन'. ती बहामा बेटांवर सापडली, जेथे हिमाचे नाव नाही. ॲनाचे फळ लांबट आणि तांबूस, तर डॉर्सेट गोल्डनचे पिवळे असते. या दोघींना तीनशे तासांहूनही कमी थंडी पुरते. ॲनाचे एकटे झाड लावून भागत नाही. परागासाठी शेजारी डॉर्सेट गोल्डन हवी. दोन्ही एकाच सुमारास फुलतात आणि पराग नेण्याचे काम मधमाश्या करतात. आम्ही या दोन जाती निवडल्या, त्याचे कारण एवढेच.

जातीइतकेच महत्त्व खुंटाला आहे आणि याचा विचार फारच थोडे लोक करतात. कलमाचा वरचा भाग फळ ठरवतो. खालचा खुंट झाडाची उंची, मुळांचा जोर आणि जमिनीशी जमवून घेण्याची ताकद ठरवतो. इंग्लंडमधील संशोधन केंद्रांत तयार झालेले खुंट आज जगभर वापरले जातात. 'एम-९' या खुंटावरील झाड ठेंगणे राहते, पण त्याची मुळे उथळ आणि ठिसूळ असल्याने त्याला जन्मभर आधाराची काठी लागते. 'एमएम-१०६' मध्यम उंचीचा आहे. परंतु पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत त्याचा बुंधा कुजण्याची भीती मोठी. 'एमएम-१११' त्यामानाने काटक आहे, पाण्याचा ताणही बऱ्यापैकी सोसतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत मला तोच सोईचा वाटला. शिवाय या एमएम मालिकेतील खुंट लोकरी मावा या सफरचंदाच्या जुन्या शत्रूला दाद देत नाहीत.

कलम घेताना जात कोणती आणि खुंट कोणता, हे दोन्ही लिहून देणाऱ्या रोपवाटिकेतूनच ते घ्यावे. रस्त्याच्या कडेला गाडीवर रोपे मांडून, कुंडीतल्या रोपाला दोऱ्याने सफरचंद बांधून दाखवणारे विक्रेते मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे जात विचारली तर उत्तर येते, "काश्मिरी आहे, साहेब!" काश्मिरी असेल, तर ते आपल्या कामाचे नाही, हे आता तुम्हांला कळलेच आहे.

पौषात, झाड झोपेत असताना, कलमे आणून लावतात. आम्ही दोन फूट उंचीचा मातीचा वरंबा घातला आणि दोन झाडांत बारा फुटांचे अंतर ठेवून त्या वरंब्यावरच खड्डे घेतले. काळी माती, नदीची वाळू, बारीक मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत एकत्र करून खड्डे भरले. काळ्या जमिनीत नुसता खोल खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरली, तर पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होते. भोवतालचे पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. माझे पहिले रोप याच रीतीने गेले होते. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहील असे पाहावे. तो मातीत गाडला गेला, तर वरच्या जातीलाच मुळे फुटतात आणि खुंट निवडण्यासाठी केलेला सारा खटाटोप फुकट जातो. लावल्याबरोबर कलमाचा शेंडा जमिनीपासून अडीच फुटांवर छाटला. नातीला हे फार निर्दयपणाचे वाटले. पण त्या छाटणीखालूनच चार दिशांना चार फांद्या फुटल्या आणि झाडाचा सांगाडा तयार झाला.

पहिल्या वर्षी वाढ उत्तम झाली. मात्र पुढच्या हिवाळ्यात एक वेगळीच अडचण उभी राहिली. मार्गशीर्ष गेला, पौष अर्धा सरला, तरी पाने हिरवीच! झाड झोपायला तयार नव्हते आणि जे झोपत नाही ते जागे तरी कसे होणार? माघात इकडे एक, तिकडे एक असे डोळे फुटले. दोनचार फुले आली, तीही निरनिराळ्या आठवड्यांत.

त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. सांगली जिल्ह्यातील आटपाडीकडे त्याची डाळिंबाची बाग आहे. शाळेत व्याकरणाच्या तासाला तो हमखास पेंगत असे, हे येथे सांगितले तर तो रागावणार नाही. झाडाभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "सर, तुम्ही याला पाणी किती दिवसांनी देता?"

"आठवड्यातून दोनदा."

"मग ते झोपेल कसे? आमच्या डाळिंबालासुद्धा आपोआप झोप लागत नाही. बहार धरायचा असेल तर आम्ही पाणी तोडतो, पाने पाडतो, मग छाटून पुन्हा पाणी देतो. एवढे झाले की झाड एकदम फुलते. याला तसे करून पाहा."

दख्खनच्या बागाईतदाराला ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. डाळिंब, पेरू, संत्रे ही झाडे आपल्या हवेत वर्षभर थोडीथोडी फुलत राहतात. पाण्याचा ताण देऊन त्यांना विश्रांती द्यायची आणि मृग, हस्त किंवा आंबे यांपैकी एक बहार धरायचा, ही आपली जुनी रीत आहे. नंतर वाचनात आले की विषुववृत्ताजवळच्या जावा बेटावर, मलंग शहराच्या परिसरातील डोंगरात, शेतकरी सफरचंदाच्या बाबतीत अगदी हेच करतात. फळे उतरवल्यावर काही आठवड्यांनी ते झाडाची सारी पाने हाताने ओरबाडून काढतात. डोळ्यांना गाढ झोप लागण्यापूर्वीच त्यांना जागे केले, म्हणजे थंडीच्या तासांची फारशी गरज उरत नाही. या युक्तीने तेथे वर्षातून दोनदा पीक घेतात. आटपाडीचा माझा विद्यार्थी जावा बेटावर कधी गेलेला नाही.

पुढच्या वर्षी आम्ही कार्तिक संपताच पाणी तोडले. काळी जमीन ओल सहजासहजी सोडत नाही, म्हणून झाड ताणावर यायला महिन्याहून अधिक काळ लागला. आटपाडीच्या माळरानावर हे काम लवकर झाले असते. पौषात नात आणि मी दोन दिवस बसून एकेक पान खुडले. पान खाली ओढले तर त्याच्या बगलेतील डोळाही सुटून येतो. म्हणून देठ वरच्या दिशेने मोडावा लागतो. मग बारीक काटक्या छाटल्या, उभ्या फांद्या सुतळीने बांधून आडव्या केल्या आणि हलके पाणी सुरू केले. आडव्या फांदीवर फुलांचे डोळे अधिक धरतात. सुमारे चार आठवड्यांनी डोळे फुगले. कळी गडद गुलाबी, उमललेले फूल पांढरे, कडांना गुलाबी झाक. गावातील कित्येक जण केवळ ते पाहण्यासाठी येऊन गेले.

उरलेली निगा कोणत्याही फळझाडासारखीच आहे. चैत्र-वैशाखातील पश्चिमेचे ऊन खोडाची साल तडकवते, म्हणून खोडाला चुना द्यावा आणि आळ्यात उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. पावसाळ्यापूर्वी बुंध्याला मोरचूद आणि चुना यांचा बोर्डो मलम लावावा. फळे सुपारीएवढी झाली की एका घोसात एकच ठेवून बाकीची काढून टाकावीत. हे काम करताना हात आखडतो, पण कोवळ्या झाडावर भार ठेवला तर फांदी मोडते.

आता कोणी विचारील की, एवढे करून उंब्रजचे सफरचंद सिमल्याच्या बरोबरीचे होते काय? नाही. आपल्याकडील फळ मे-जूनमध्ये, ऐन उष्म्यात पिकते. रात्री गार नसल्यामुळे रंग फिका राहतो, गर लवकर मऊ होतो आणि फळ फार दिवस टिकत नाही. ज्याच्या अंगणात एकाच झाडाला जागा आहे, त्याने पेरूचे किंवा आंब्याचे कलम लावावे, असेच मी सांगेन. त्यात फळाची खात्री आहे आणि कष्ट थोडे. जागा दोन झाडांची असेल आणि रोज झाडाकडे पाहण्याची हौस असेल, तर मात्र सफरचंद जरूर लावावे. तिकडे कुलू खोऱ्यातील सखल भागात हिवाळे ऊबदार होत चालल्यामुळे काही शेतकरी सफरचंद काढून डाळिंब लावू लागले आहेत. आपले झाड तिकडे निघाले आहे आणि त्यांचे इकडे येऊ पाहत आहे!

यंदा आमच्या ॲनाला एकोणीस फळे धरली. त्यांतील अकरा नातीने विरळणीत स्वतःच्या हाताने काढली. एक वाऱ्याने पडले, दोन पोपटांनी फोडली. त्यानंतर आम्ही जाळी टाकली. जूनच्या पहिल्या आठवड्यात उरलेली पाच फळे उतरवली. ती मुठीएवढी, आंबटगोड आणि रसाळ होती. त्यांतील एक आटपाडीला पाठवले. नातीने आपली जुनी वही काढली आणि मी सांगितलेल्या चार-पाच वर्षांच्या हिशेबावर काट मारून त्याखाली नवा आकडा लिहिला. खाल्लेल्या फळांच्या बिया तिने धुऊन ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि डबीत घालून शीतपेटीत ठेवल्या आहेत. आठदहा आठवड्यांनी ती त्या पेरणार आहे. वरंब्याच्या उत्तर टोकाला, न्हाणीघरापासून दूर, तिने जागा आखून ठेवली आहे.